लाईट गेली तर बाळाचं ऑक्सिजन मशीन किती वेळ चालेल?

काही मुलं हॉस्पिटलमधून घरी येतात ती मशीनसकट. फुप्फुसं कमजोर असतील तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी असेल तर कफ ओढायला सक्शन मशीन. आईवडील नर्सची निम्मी कामं शिकून घेतात. पण इन्व्हर्टर कोणता घ्यायचा, हे मात्र 'मोबाईलमधलं कळणाऱ्या' पोराला विचारलं जातं. आमच्या गल्लीत ते पोरगं मी. तुमच्याकडे तुम्ही असाल.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन साठवत नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीन ती हवा दाबून झिओलाइटच्या दाण्यांतून सोडतं, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे साधारण ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन मिळतो. कॉम्प्रेसर थांबला की खेळ खलास. म्हणून आधी मशीनच्या मागचं लेबल वाचा. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ × १५० = १८०० वॅट-तास. वाया जाणारं सोडून १४०० धरा. भागिले ३५०, म्हणजे चार तास. तेही बॅटरी नवी असेल आणि त्याच इन्व्हर्टरवर पंखा-टीव्ही नसेल तर! जुन्या बॅटरीवर हा आकडा खूप खाली येतो, म्हणून मूल घरी यायच्या आधीच मशीन इन्व्हर्टरवर चालवून घड्याळ लावून बघा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर मोटर तापते.

आता कोल्हापुरात चार तासांनी काय होतंय? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद होता, पूर आलेल्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती. त्यामुळे बॅटरीच्या मागे सिलिंडर हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १ लिटर लागत असेल तर २५ तास, २ लिटर लागत असेल तर साडेबारा. फ्लो किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवणार, आपण फक्त भागाकार करायचा. सक्शनसाठी पायाने चालणारा पंपही मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घरात ठेवा.

राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर बघतोच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. घर पूररेषेजवळ असेल तर असं मूल घेऊन ३९ लाच निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ४३ ची वाट बघणं बाकीच्यांना परवडेल.

आणि एक फोनबद्दल. फक्त कॅमेरा-फ्लॅशवर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतो, फ्लॅशमध्ये दुसरा जवळपास नसतोच. ब्लूटूथ ऑक्सिमीटर असेल तरी बॅटरी वाचवायच्या नादात फोन त्याचं ॲप मागच्या मागे बंद करू शकतो, मग रात्री अलार्म वाजत नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. तरीही मुलाच्या उशाशी जे उपकरण असेल, त्याला स्वतःचा भोंगा असलाच पाहिजे.