कोट अंगात घाला

नेपल्सजवळच्या एका भुयारी वाटेने काही मंडळी चालली होती. सोबत दीडेक वर्षाचं एक मूल होतं. चालून दमलं, म्हणून आईने त्याला कडेवर घेतलं. तिला उकडायला लागलं, तेव्हा तिने अंगातला कोट काढून हातावर टाकला आणि मुलाने भोकाड पसरलं. आईने समजावलं, इतरांनी आळीपाळीने घेऊन पाहिलं, कुणी रागेही भरलं. रडं वाढतच गेलं. त्या मंडळींत बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी होत्या. त्यांनी आईला कोट पुन्हा अंगात घालायला लावला आणि मूल शांत झालं. कोट अंगात घालायचा असतो, हातावर टाकायचा नसतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मॉन्टेसरींनी हा प्रसंग १९३६ साली आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ चाइल्डहुड’मध्ये सांगितला आहे. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला वस्तूंची जागा आणि घटनांचा क्रम यांची तीव्र ओढ असते, असं त्यांचं निरीक्षण होतं. घरोघरी हे रोज दिसतं. आजोबांच्या खुर्चीवर पाहुणे बसले की नात त्यांना उठवायला धावते. वरणभात नेहमीच्या वाटीत नसला तर तोंड मिटतं. पोळी विचारल्याशिवाय मोडली, तर ती ‘पुन्हा जोडून दे’ म्हणून आकांत होतो. मोठी माणसं याला हट्ट म्हणतात आणि ‘आत्ताच मोडला पाहिजे’ म्हणून कंबर कसतात. मला हा त्या मुलांवरचा अन्याय वाटतो.

दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘अर्ध्या तासाने’, ‘संध्याकाळी’ हे शब्द त्याच्यासाठी पोकळ असतात. त्याला कळतो तो क्रम: अंघोळ झाली की पावडर, मग कपडे, मग देवाला नमस्कार, मग दूध. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की ते आपण होऊन हात वर करतं, सदऱ्यात डोकं घालतं. बोलता पुरतं येत नाही, ठरवायचं सगळं मोठ्यांनी. अशा जगात त्याला आधीपासून माहीत असलेली ही एकच गोष्ट. तीही न सांगता बदलली, तर ते रडणारच.

म्हणून दिनक्रम म्हणजे मिनिटामिनिटाची शिस्त नव्हे. जेवण साडेसातऐवजी आठला झालं तरी चालतं. जेवण, दात घासणं, गोष्ट, दिवा मालवणं ही साखळी तीच राहावी. २००९ साली जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी सात ते छत्तीस महिन्यांच्या मुलांच्या ४०५ आयांसोबत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज झोपण्यापूर्वी ठरावीक क्रम पाळल्यावर मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली. शिवाय आयांची मनःस्थितीही सुधारली. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दमलेल्या आईकडे कुणाचं लक्ष नसतं.

वस्तूंची जागा ठरवायला फार खर्च लागत नाही. मुलाच्या हाताला येईल अशी एक खुंटी, चपलांची ठरलेली जागा, खेळण्यांच्या ढिगाऱ्याऐवजी खालच्या फळीवर मोजकी चार-पाच खेळणी पुरतात. कुठून घेतलं तिथे ठेवण्यात या वयाला खरा आनंद असतो. मोठ्यांनी घाईघाईने आवरून तो हिरावून घेऊ नये.

बदल टाळता येत नाहीत. दिवाळीत आजोळी जायचं असतं, घर बदलतं, धाकटं भावंड येतं. अशा वेळी बाकी सगळं हललं तरी निजण्याचा क्रम जसाच्या तसा ठेवावा, नेहमीची गोधडी बरोबर न्यावी आणि काय होणार ते आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगावं. पोळी मोडलीच, तर ‘तुला अख्खी हवी होती ना’ एवढं म्हणून जवळ घ्यावं. मात्र क्रमाचा आग्रह खूपच ताठर असेल आणि सोबत मूल हाकेला ओ देत नसेल, बोलणं मागे पडलं असेल, तर ‘होईल मोठेपणी’ म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पाळणाघरात सोडताना डब्याबरोबर हेही द्या: घरी झोपवताना आधी काय करता, मग काय करता. तिथल्या ताईंना ते दोन ओळींत लिहून दिलं, तरी मुलाची दुपार सोपी जाते.