हेवीवेटचे फुसके बार

हेवीवेट बॉक्सिंगला गर्दी होते ती एका ठोशात निकाल लागेल या आशेने. ती फसली की प्रेक्षक गप्प बसत नाहीत.

● १९६५, लुईस्टन (अमेरिका): मुहम्मद अलीचा ठोसा अनेकांना दिसलाच नाही आणि सनी लिस्टन पहिल्याच फेरीत आडवा! प्रेक्षक अडीच हजारही नव्हते, पण ‘फिक्स, फिक्स’चा गलका मोठा. हा ‘फॅन्टम पंच’ आजही वादात आहे.

● १९९६, लास वेगास: माइक टायसनपुढे डब्ल्यूबीए (जागतिक बॉक्सिंग संघटना) विजेता ब्रूस सेल्डन १०९ सेकंदच टिकला. पुन्हा तीच ओरड.

● २०११, हॅम्बुर्ग: ब्रिटनच्या डेव्हिड हेने युक्रेनच्या क्लिच्को या बॉक्सर बंधूंची छाटलेली मुंडकी छापलेला टी-शर्ट मिरवला होता. प्रत्यक्ष रिंगणात मात्र तो बाराही फेऱ्या व्लादिमिर क्लिच्कोपासून अंतर राखूनच लढला आणि गुणांवर हरला. मग पत्रकार परिषदेत टेबलावर चढून त्याने उजव्या पायाची दुखावलेली करंगळी दाखवली. पैसे मोजून आलेल्या चाहत्यांनी त्या करंगळीची यथेच्छ टिंगल केली. ती टिंगल पुढे वर्षानुवर्षे त्याची पाठ सोडेना.

● २०२४, आर्लिंग्टन (टेक्सास): टायसन ५८ वर्षांचा, तर यूट्यूबवरून रिंगणात आलेला जेक पॉल २७ वर्षांचा. आठ फेऱ्यांत टायसनचे फक्त १८ ठोसे लागले. शेवटी सत्तर हजारांच्या गर्दीने हुर्यो उडवली. नेटफ्लिक्सवर चित्र अडकल्याने घरबसल्या वैतागलेले प्रेक्षक वेगळेच!