मोटारींतील दिव्यांचा इशारा

जाफराबादहून भोकरदनमार्गें जालन्यास जातांना चालकासमोरील फलकावर एखादा दिवा क्षणभर लागतो व विझतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नसतें. असा दिवा केव्हां व कां लागतो, हें आपण पाहूं.

किल्ली फिरवितांच हे दिवे लागतात व इंजिन सुरू होतांच विझतात. ती दिव्यांचीच परीक्षा होय. पुढें तांबडा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. पिवळा लागल्यास लौकर तपासून घ्यावी.

तेलाचा दिवा वळणावरच चमकला, तर इंजिनांतील तेल बहुधा कमी असतें. तें एका बाजूस सरकतें व पंपास मिळत नाहीं. उतारावर ब्रेकचा दिवा लागला, तर डबींतील ब्रेक ऑइल उतरलेलें असतें. त्याचें कारण पॅडची झीज किंवा गळती. इंजिन मंद असतां बॅटरीचा दिवा मिणमिणला, तर पट्टा पाहावा. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट, तर चालू गाडींत बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. खड्ड्यांतच दिवा लागत असेल, तर तारेचा सांधा ढिला किंवा गंजलेला असण्याचा संभव अधिक.

यास्तव वेग, चढउतार, पाऊस व इंजिनाची उष्णता टिपून तें टिपण मिस्त्रीस द्यावें. आधुनिक गाडी पुष्कळ दोष सांकेतिक अंकांत जपून ठेविते. ते वाचण्यापूर्वीं पुसूं देऊं नयेत.

विद्यार्थ्यांनो, हें टिपण तुम्हीं ठेवा. वडिलांची दृष्टि रस्त्यावरच असूं द्या.