रक्तातलं 'गुड कोलेस्टेरॉल' जंतूंचं विषही पकडतं, मग सेप्सिसमध्ये ते कमी का पडतं?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर दोनच ओळींवर जाते. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल आणि एचडीएल म्हणजे 'चांगलं'. पण या दोघांचा संबंध फक्त हृदयाशी नाही. अंगात गंभीर जंतुसंसर्ग पसरतो, तेव्हा त्यांचं एक वेगळंच काम समोर येतं.

मुळात हे दोघं आहेत काय?

कोलेस्टेरॉल हा चरबीसारखा पदार्थ. तेल जसं पाण्यात मिसळत नाही, तसं तेही रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याला प्रथिनांच्या बारीक कणांत भरून रक्तातून फिरवतं. या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. एचडीएल आणि एलडीएल हे त्यांचेच दोन प्रकार.

आता जंतूंकडे वळू

ई. कोलाय, क्लेबसिएला अशा 'ग्रॅम-निगेटिव्ह' जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. १८९२ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. मेलेले जंतूसुद्धा प्राण्यांचा जीव घेऊ शकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे विष जंतूच्या शरीरातच होतं.

हे विष रक्तात आलं की रोगप्रतिकारक पेशी खवळतात. ताप येतो, रक्तदाब घसरतो. हा प्रतिसाद हाताबाहेर जाऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागला, की त्याला सेप्सिस म्हणतात. लॅन्सेटमधल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी जोडलेले होते.

लायपोप्रोटीन नेमकं काय करतात?

एंडोटॉक्सिनचा एक भाग चरबीचाच असतो आणि पेशींना चिथावणारा भागही तोच. हा भाग लायपोप्रोटीनच्या कणात जाऊन बसला की विषाची धार बोथट होते. पुढे यकृत त्याची विल्हेवाट लावतं. या कामात एचडीएल आघाडीवर असतं, पण 'वाईट' म्हणून बदनाम झालेलं एलडीएलही मदत करतं.

१९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिनचा अगदी छोटा डोस दिला. ज्यांना आधी प्रयोगशाळेत बनवलेलं एचडीएल दिलं होतं, त्यांना त्रास बराच कमी झाला.

मग अडतं कुठे?

ऐन गरजेच्या वेळी साठाच घटतो. सेप्सिसमध्ये एचडीएल झपाट्याने खाली येतं. यकृत ते कमी बनवतं, असलेलं लवकर खर्च होतं आणि उरलेल्या कणांतली प्रथिनंही बदलतात. ज्या रुग्णांचं एचडीएल फारच घसरतं, त्यांच्या जिवाला धोका जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय.

मग बाहेरून दिलं तर? तसा प्रयत्नही झाला. लायपोप्रोटीनसारखंच विष पकडणारं चरबीचं एक मिश्रण १,३०० हून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. २००९ मध्ये निकाल आला, तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. निरोगी माणसाला विष देण्याआधी औषध देणं वेगळं. रुग्ण आयसीयूत पोहोचतो, तोवर आतली आग बरीच पसरलेली असते. सेप्सिससाठी एचडीएलचं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची?

अजिबात नाही! 'कोलेस्टेरॉल जंतूंशी लढतं' एवढंच वाचून गोळी सोडणं हृदयाला महागात पडू शकतं. वाढलेलं एलडीएल रक्तवाहिन्यांत साचतं, हे सत्य यामुळे बदलत नाही. रिपोर्टमधलं एचडीएल चांगलं आहे म्हणून सेप्सिस होणार नाही, असंही नाही.

सेप्सिसमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट आहे वेळ. ताप किंवा संसर्ग असताना धाप लागणं, बोलण्यात गोंधळ होणं, लघवी खूप कमी होणं, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. वेळेत मिळालेलं अँटिबायोटिक आणि सलाईन आजही जीव वाचवतं.