पूल खालून बघायचा असतो

इयरफोन नीट लावा, कारण आजची गोष्ट एका आवाजापासून सुरू होते.

मी शिरवळचा. कॉलेजला असताना शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडायचो आणि बसल्या बसल्या झोपायचो. सारोळा मागे पडलं की टायरखाली 'धडक-धडक' व्हायचं आणि डोळे आपोआप उघडायचे. नीरेचा पूल! पुणे जिल्हा संपला, सातारा सुरू. बॅग उचला.

तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे बरं का. उन्हात काँक्रीट थोडं लांबतं, थंडीत आखडतं. त्याला हलायला जागा हवी म्हणून पुलाच्या दोन भागांमध्ये फट सोडतात. तिला म्हणतात एक्सपान्शन जॉइंट. टायर त्यावरून गेला की धडक!

पण पुलाचा खरा धोका आवाज करत नाही. हे मला कळलं 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तेव्हा ट्रक चालवायचे. त्या दिवशी माल घेऊन वाई, महाबळेश्वरमार्गे महाडकडे निघाले होते. पावसाने नुसतं झोडपलं होतं. रात्री उशिरा बातमी आली, महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळला. आण्णांचा फोन लागेना. आई देवापाशी बसून राहिली, मी दर पाच मिनिटांनी नंबर फिरवत होतो.

सकाळी फोन आला. "पाऊस लई होता रं. पोलादपूरलाच गाडी लावून झोपलो." पुढचाच टप्पा तो पूल होता. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली होती. कितीतरी दिवस शोध चालला. आमचा माणूस घरी आला, अनेकांचे आले नाहीत.

मग मी वाचायला लागलो, की पूर पुलाचं नेमकं काय करतो?

समुद्रावर लाटेत उभे राहिलात ना, की लाट मागे जाताना टाचेखालची वाळू सरकते आणि आपला तोल जातो. पुलाच्या खांबाचंही तेच. पुराचं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं, भोवरे करतं आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं. त्यातली गंमत, म्हणजे भीतीच म्हणा, अशी की पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. म्हणून नुसता कठडा बघून चालत नाही, पाण्याखालचा पायाही तपासावा लागतो.

सावित्रीचा तो पूल ब्रिटिशकालीन, दगडी कमानींचा. कमान शेजारच्या कमानीला रेटून उभी असते. एक खांब खचला की शेजारचीचा आधार जातो.

म्हणजे जुना पूल वाईटच का? नाही. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. कृष्णा किती चढली हे सांगलीकर याच पुलाच्या फुटांवर मोजतात: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं, तरी तो उभा आहे. वयाइतकीच देखभालही महत्त्वाची असते.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, खालचा रस्ता उरलाय की नाही हे दिसत नाही. जॉइंटची फट अचानक रुंदावली किंवा कठडा एका जागी वाकला, तर फोटो काढून ग्रामपंचायतीला, पोलिसांना कळवा. आणि बंद केलेल्या पुलावर रीलसाठी गर्दी करू नका. जून 2025 मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, तेव्हा त्यावर पर्यटकांची गर्दी होती.

आण्णांनी आता ट्रक सोडलाय. पण नीरेला पाणी वाढलं की अजून पुलाकडे चक्कर मारतात. वरून जात नाहीत, काठावर उभे राहून खांबांकडे बघत बसतात.

तुमच्या गावचा पूल कोणता? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!