गरोदरपणात केस रंगवावेत का?

डोहाळजेवणाचा दिवस ठरतो, हिरवी साडी येते, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर जाते आणि आरशासमोर उभे राहिल्यावर भांगातले पांढरे केस डोळ्यांत भरतात. मग घरात मतभेद सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "बाळंत होईपर्यंत ते केमिकल डोक्याला लावू नकोस." जाऊबाई म्हणतात, "मी दोन्ही वेळा लावला होता, काही झालं नाही." तोडगा म्हणून कुणीतरी पाकिटातली काळी मेंदी सुचवते. ती नैसर्गिक, म्हणजे सुरक्षित! या तीन सल्ल्यांपैकी सर्वांत जास्त सावध राहायला हवे ते तिसऱ्याबाबत.

काही जणींचा प्रश्न याहून काळजीचा असतो. लग्नकार्यासाठी केस रंगवले, पंधरा दिवसांनी पाळी चुकल्याचे लक्षात आले आणि चाचणीत दोन रेघा उमटल्या. आता बाळाला काही होईल का? या विचाराने रात्रीची झोप उडते. म्हणून त्याचे उत्तर आधी देऊ. नकळत एकदा केस रंगवल्याने बाळात व्यंग येते असा पुरावा नाही. तेवढ्या कारणासाठी गर्भपाताचा विचार करण्याची किंवा स्वतःला दोष देत बसण्याची गरज नाही.

रंग बाळापर्यंत पोहोचतो का?

कायमस्वरूपी रंगातला अमोनिया केसाचे बाहेरचे आवरण सैल करतो. रंगाचे सूक्ष्म घटक आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि आतच अडकतात. केस हा मृत भाग आहे, त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे केसाला लागलेला रंग रक्तात जात नाही. शरीरात काही जाणार असेल, तर ते टाळूच्या त्वचेतून. या मार्गाने शोषले जाणारे प्रमाण लावलेल्या रसायनाच्या साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असल्याचे आढळले आहे. तेही बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडते.

गर्भवतींवर मुद्दाम रसायनांचे प्रयोग करता येत नाहीत. म्हणून प्राण्यांवरील प्रयोग आणि रंग वापरलेल्या स्त्रियांची निरीक्षणे यांवरच विसंबावे लागते. त्यांचा एकूण कल दिलासा देणारा आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवाही गरोदरपणात केसांचा रंग वापरणे सुरक्षित मानते; मात्र पहिले १२ आठवडे थांबण्याचा पर्याय सुचवते. या काळात बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय यांची मूळ घडण होत असते. धोका सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर थांबण्यात काही तोटा नाही म्हणून हा सल्ला आहे. तसेही उलट्या-मळमळीच्या त्या दिवसांत अमोनियाचा वास नकोसाच होतो.

खरा प्रश्न आईच्या त्वचेचा

केसांच्या रंगाचा नेहमी दिसणारा त्रास म्हणजे ॲलर्जी, आणि तो होतो रंग लावणाऱ्या व्यक्तीला. त्याला बहुतेक वेळा कारणीभूत असतो पॅराफिनायलिनडायमाइन, म्हणजेच पीपीडी. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ मध्ये त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक घटक' म्हणून जाहीर केले होते. टाळूला खाज, कानामागे पुरळ, पापण्या सुजून डोळे बंद होणे ही त्याची लक्षणे. अशी ॲलर्जी उद्भवली की गरोदरपणात औषधे जपून द्यावी लागतात, म्हणून ती टाळणे अधिक महत्त्वाचे.

आता काळ्या मेंदीकडे वळू. मेंदीच्या पानांचा नुसता रंग नारिंगी ते लालसर तपकिरी येतो. त्यात निळीच्या पानांची पूड वापरून गडद छटा मिळते, पण त्याला बराच वेळ लागतो. तासाभरात केस काळेकुळकुळीत करणाऱ्या 'मेंदी'त अनेकदा पीपीडीच असते. पाकिटावर पानाचे चित्र असले तरी मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. यादीच नसेल, तर ते पाकीट घेऊ नये. हातावर झटपट काळी नक्षी उमटवणाऱ्या मेंदीच्या कोनालाही हेच लागू आहे. 'अमोनियामुक्त' रंगाबाबतही असाच गैरसमज असतो. त्याचा वास कमी येतो, पण त्यात पीपीडी असू शकते.

रंगवायचेच असतील तर

- पहिले तीन महिने थांबावे. डॉक्टरांना विचारावे, विशेषतः पूर्वी ॲलर्जी, दमा किंवा त्वचेचा आजार असेल तर.
- कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. आपल्याकडील नियमांनुसार पीपीडी असलेल्या रंगाच्या पाकिटावर अशा चाचणीची सूचना छापावी लागते. नेहमीचाच रंग असला तरी चाचणी करावी. ॲलर्जी कितीही वर्षांनी नव्याने सुरू होऊ शकते.
- टाळूवर जखम, फोड किंवा खाजवून झालेले ओरखडे असतील तर रंग लावू नये.
- हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ रंग ठेवू नये आणि टाळू स्वच्छ धुवावी.
- भुवयांना हा रंग कधीही लावू नये. डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.
- टाळूला न लावता फक्त केसांच्या बटा रंगवल्या, तर त्वचेशी संपर्क आणखी कमी होतो.
- चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे.

केस सरळ करण्याच्या केराटिन उपचारांचा हिशेब मात्र वेगळा आहे. अशा अनेक उत्पादनांतून गरम करताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते आणि ती श्वासावाटे शरीरात जाते. गरोदरपणात ते टाळावेत.

उरलेला रंग लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. टाळूला लावल्यावर नगण्य प्रमाणात शोषले जाणारे हेच रसायन पोटात गेले तर घसा सुजतो, स्नायू आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया

दोन महिन्यांतून एकदा केस रंगवणारी आणि दिवसभर दुसऱ्यांचे केस रंगवणारी, या दोघींना एकच उत्तर देता येत नाही. पार्लरमधील स्त्रियांच्या काही अभ्यासांत गर्भपात किंवा कमी वजनाच्या बाळाचे प्रमाण किंचित जास्त दिसले, तर काहींत फरक आढळला नाही. दिवसभर उभे राहण्याचाही त्यात वाटा असू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी नवे हातमोजे, खेळती हवा, मधूनमधून बसण्याची सोय आणि शक्य असेल तेव्हा रंगाचे काम दुसऱ्या सहकारी स्त्रीकडे देणे, एवढे तरी व्हायला हवे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. मालकीणबाईंनी मनावर घेतले तरी पुरे.

डोहाळजेवणाला केस रंगवलेले असावेत की पांढरी बट तशीच दिसावी, हा निर्णय त्या गर्भवतीचा आहे. सातव्या महिन्यात, चाचणी करून, नीट वाचून घेतलेला रंग तिने लावला तर घरच्यांनी तिला अपराधी वाटू देऊ नये.