डायडोचा माग

२० नोव्हेंबर १७६६. लंडनमधल्या ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये पाच वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा होतो आणि नोंदवहीत एक ओळ पडते. मुलीचं नाव डायडो एलिझाबेथ, आई मरिया, वडिलांच्या जागी नुसतं ‘बेल’. खरे वडील होते नौदलातले सर जॉन लिंडसे, त्यांचं नावच नाही! पण वय लिहिलंय ना? मग वजाबाकी करा: जन्म १७६१. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ साली. त्याआधीची माणसं सापडतात ती या चर्चच्या वह्यांमुळे, आणि त्या ठेवण्याचा हुकूम आहे थेट १५३८ सालचा!

आई मरिया आफ्रिकी वंशाची गुलाम. तिचा माग कुठे लागावा? अटलांटिकपलीकडे, फ्लोरिडातल्या पेन्साकोलात! तिथल्या १७७४च्या कागदांत लिंडसेंनी तिच्या नावे जमीन करून दिल्याची नोंद आहे. गुलाम म्हणून जिची मालमत्तेत गणती व्हायची, ती इथे स्वतःच मालकीण म्हणून उभी आहे.

डायडो वाढली वडिलांच्या मामांकडे, केनवुडच्या वाड्यात. हे मामा कोण? लॉर्ड मॅन्सफिल्ड, इंग्लंडचे सरन्यायाधीश! गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, हा १७७२चा गाजलेला निकाल यांचाच. वाड्यातली तिची जागा नेमकी कोणती, हे कळतं किरकोळ कागदांतून. हिशेबाच्या वहीत तिच्या भत्त्याची नोंद आहे. ती आजारी पडली तेव्हा आणलेल्या गाढविणीच्या दुधाचीसुद्धा. नोकराणीसाठी कोण मागवेल ते? एका पाहुण्याने १७७९ साली रोजनिशीत टिपलंय, की ती जेवणानंतर आली आणि बायकांबरोबर कॉफीला बसली. म्हणजे घरचीच, पण पंगतीला नाही! आणि १७८६च्या एका पत्रात सरन्यायाधीश स्वतःच कळवतात, की अक्षर डायडोचं आहे. त्यांचा मजकूर ती लिहून घेत होती. मला तर सगळ्यात मोलाचं हेच पत्र वाटतं. बाकी सगळीकडे तिच्याविषयी दुसरेच लिहितात. इथे तिचा स्वतःचा हात दिसतो.

मॅन्सफिल्ड १७९३ साली वारले. मृत्युपत्रात तिला ५०० पौंड, वर्षाला १०० पौंड आणि एक वाक्य: ती स्वतंत्र आहे. एवढा मोठा न्यायाधीश, आणि तरी हे लेखी ठेवावंसं वाटलं!

त्याच वर्षी डिसेंबरात डायडोचं लग्न झालं, जॉन डॅव्हिनियरशी. वंशावळ शोधणाऱ्यांची वाट बहुधा इथेच हरवते. आडनाव बदलतं, आणि त्या काळी विवाहितेची मिळकत कायद्याने नवऱ्याची होत असल्यामुळे तिचं नाव कागदांवरून विरत जातं. पण १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या होत्या. म्हणून ‘बेल’ आणि ‘डॅव्हिनियर’ एकाच पानावर येतात.

आता नवं आडनाव धरून पुढे चला. १७९५ साली जुळे मुलगे, मागाहून आणखी एक. १८०४ साली डायडो गेली. जुळ्यांपैकी चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन भारतात आला. कंपनीच्या दप्तरात आणखी एक धागा! आणि तिच्या वंशातला शेवटचा ज्ञात पुरुष वारला तो १९७५ साली, दक्षिण आफ्रिकेत. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला तिथे कायद्याने बंदी असताना.